आड दिवसाची गोळी

मेंढरं परत आली ती भर दुपारी, मायाक्का भांडी घासत असताना. आधी नुसता आवाज आला. शेकडो बारीक खुरं कोरड्या मातीवरून चालली की एक सळसळ उठते, तसा. शहरातल्या सात रस्ता चौकाच्या मागच्या गल्लीत रिक्षा आणि टेम्पो सोडून दुसरं काही फिरकत नाही, आणि माती तर औषधालाही नाही. तिथं ती सळसळ ऐकून मायाक्काचे हात परातीवरच थांबले. तिनं नळ बंद केला. सळसळ चालूच राहिली. मग वास आला, भिजलेल्या लोकरीचा आणि लेंड्यांचा, आणि तिच्या छातीत काहीतरी इतकं गोड हललं की ती मोरीच्या कठड्यावर बसली आणि हसली.

हसली, हे मुद्दाम सांगायला हवं. माणसाला नसलेलं दिसायला लागलं की तो घाबरून ओरडत सुटत असेल, असं आपल्याला उगाच वाटतं. कुणाकुणाचं तसं होतही असेल. मायाक्काला मात्र तो कळप म्हणजे माहेर होतं. मंगळवेढ्याच्या पलीकडच्या माळावर तिच्या बापाची, बिरप्पाची मेंढरं होती, आणि तिचं सगळं लहानपण त्यांच्या पाठीमागं चालण्यात गेलं होतं. कळपाच्या पुढं तिची आई असायची, निंगव्वा. डोक्यावर बिऱ्हाड, कडेवर एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू, आणि चाल अशी की मागच्यानं धावावं. मायाक्काचं लग्न होऊन वर्ष झालं नाही तोच निंगव्वा तापानं गेली. मायाक्का पोचली तेव्हा सगळं उरकलं होतं. तिला आईचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं.

म्हणून असेल किंवा नसेल, सोनम रांगायला लागली तेव्हा निंगव्वा पहिल्यांदा आली. कळप घेऊनच आली. मायाक्कानं पोर कडेवर मारली आणि ती आईच्या मागून निघाली. दोन दिवसांनी ती मोहोळच्या बाजारात सापडली. पायांची सालटं निघालेली, आणि पोरगी उन्हानं आणि उपासानं अशी मलूल झालेली की रडायचंसुद्धा विसरलेली. गावाकडची माणसं म्हणाली, वारं आलंय, बिरोबाचं काहीतरी राहिलंय. बिरप्पानं भंडारा लावला, देवाला हात जोडले, आणि सोनमच्या सुकलेल्या ओठांकडं बघून जावयाला म्हणाला, देवाचं मी बघतो, तुमी डाक्टरचं बघा.

तेव्हापासून गोळ्या. एक पांढरी, एक गुलाबी आणि झोपेची एक इवलीशी. मायाक्काचा नवरा सिद्धराम टॉवेलच्या कारखान्यात मागांचा जॉबर होता, म्हणजे अडलेला माग चालू करून देणारा. त्याच्या पगारातून कामगार विम्याचे थोडे पैसे कापले जात, आणि त्या बदल्यात विम्याच्या दवाखान्यात घरच्या सगळ्यांना औषध फुकट मिळे. दर महिन्याला मायाक्का तिथं रांगेत उभी राही, पिशवी भरून आणी आणि स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी ठेवी. गोळ्यांनी तिला झोप दिली, आमटीत मीठ किती घालायचं ते परत दिलं, सोनमच्या वेण्या घालायला न थरथरणारे हात दिले. कळप मात्र नेला. आव्वालाही, म्हणजे आईलाही, नेलं. आठवण आली की मायाक्का दुपारची नुसती पडून राही आणि कान देऊन ऐके. काही ऐकू येत नसे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण बरं झालेल्या माणसानं बरं झाल्याबद्दल रडायचं नसतं असं तिला वाटे.

सगळं बिघडलं ते एका आनंदाच्या बातमीनं. सिद्धरामला बढती मिळाली. जॉबरचा सुपरवायझर झाला, पगार वाढला, गल्लीत पेढे वाटले. पद्मशाली घरमालकिणीनं तेलुगूत आशीर्वाद दिला आणि वर मराठीत भाडंही वाढवणार म्हणून सांगितलं. आठवडाभर घरात दिवाळी होती. मग ऑफिसातल्या कमलाकर क्लार्कनं सिद्धरामला बोलावून घेतलं. कमलाकर भला माणूस, त्यानं शांतपणे समजावलं. विम्याला पगाराची एक रेघ असते. रेघेच्या खाली आहात तोवर विमा तुमचा. सिद्धराम आता रेघेच्या वर गेला होता. किती वर, तर थोडासाच. तरी काही महिने जुनं कार्ड चालेल, मग बंद. त्याऐवजी कंपनी नवं कार्ड देईल, ते मोठ्या दवाखान्यात चालतं.

नवं कार्ड खरंच गुळगुळीत आणि देखणं होतं. त्यावर नावंही इंग्रजीत छापली होती. फक्त ते चालवायचं तर आधी दवाखान्यात भरती व्हावं लागत होतं. रोजच्या गोळीला त्यात जागा नव्हती. थोडक्यात, आजारी पडायला पैसे मिळणार होते, बरं राहायला नाही. सिद्धरामनं ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवून दिलं. बढती म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असं झालं.

सिद्धराम कुरकुरणारा माणूस नव्हता, तेच वाईट होतं. तो बोलला असता, भांडला असता तर मायाक्कालाही भांडता आलं असतं. जुनं कार्ड बंद झालं तसा तो सात रस्त्याच्या औषधाच्या दुकानात मुकाट्यानं पैसे मोजायचा आणि मुकाट्यानं घरी यायचा. जुनी मोटारसायकल घ्यायची ठरली होती, तिचं नाव निघेनासं झालं. कारखान्यातून येताना तो मित्रांबरोबर चहाला थांबायचा, ते थांबलं. सोनमची सहल जायची होती, तेव्हा त्यानं तिला सांगितलं की किल्ले काय, पुढच्या वर्षीही तिथंच असतात. मायाक्का हे सगळं बघत होती. आपल्या तोंडात जी गोळी जाते तिच्याबरोबर घरातलं काहीतरी जातं, हे तिला गिळताना कळायला लागलं. मग एका सकाळी तिनं गोळी हातात घेतली, तिच्याकडं बघितलं आणि परत पाकिटात सारली. उद्या घेऊ, म्हणाली.

यात तिचा मूर्खपणा नव्हता. उलट, तिला वाटलं, आपण आपल्या बापाची लेक शोभतोय. ती चौदा-पंधरा वर्षांची असताना पाऊस दोन वर्षं रुसला होता. माळ भाजून निघाला, लोकांनी मेंढरं खाटकाच्या हवाली केली. बिरप्पानं एकसुद्धा दिलं नाही. तो एक दिवस कडबा टाकायचा, एक दिवस नुसता बाभळीचा पाला. पोट भरायचं नाही, आतडी जगवायची, म्हणायचा. पाऊस काय, आज न उद्या येतो, आपण तोवर पुरवून आणायचं. आणि त्यानं पुरवून आणलं. पाऊस आला तेव्हा कळपाची हाडं दिसत होती, पण कळप सगळा होता. त्या भागात अजून त्याचं नाव काढतात. मग गोळ्यांचं काय मोठं? पगार आणखी वाढेल, काहीतरी होईल, पाऊस कुठल्यातरी रूपानं येईलच. तोवर आड दिवस. सिद्धरामला तिनं सांगितलं की ती एकटीच जाऊन विम्याच्या दवाखान्यातल्या जुन्या डॉक्टरीणबाईंना दाखवून आली, त्या म्हणाल्या, आता आड दिवस पुरे. त्यानं एकदा तिच्या तोंडाकडं बघितलं. विश्वास ठेवायला त्याला आवडलं असतं, म्हणून त्यानं ठेवला.

आणि आता मेंढरं आली होती.

पुढचे दिवस फार सुखाचे गेले, आणि ते सुखाचे होते हे लपवण्यात काही अर्थ नाही. मायाक्काला पहाटेच जाग येई आणि अंग पिसासारखं हलकं वाटे. कामं भराभरा उरकत. दुपारी गल्लीत ऊन पांढरं झालं की कळप येई. मेंढरं टेम्पोच्या चाकांखालून निघत, रिक्षावाल्यांच्या पायांतून वाट काढत, आणि कुणालाही धक्का लागत नसे. भाजी आणायला ती सात रस्त्याला जाई तेव्हा चौकात मध्यभागी उभी राहून बघे. सातही वाटांनी मेंढरं येत होती, काळी, करडी, कपाळावर पांढरा टिळा असलेली, आणि सिग्नल लाल असो की हिरवा, त्यांच्या धुळीनं सगळा चौक सोनेरी होऊन जाई. गाड्यांचे आवाज लांब कुठंतरी पाण्याखाली गेल्यासारखे वाटत. आणि त्या धुळीत पुढं, पाठमोरी, निंगव्वा. तिचं तोंड दिसत नव्हतं. हिरव्या इरकल लुगड्याचा काष्टा, पायांतल्या भेगा, काखेत कोकरू. मायाक्काला तेवढंही पुष्कळ होतं.

सोनमच्या ध्यानात आलं होतं. पोरं आंधळी नसतात. मम्मी एकटीच हसते, मम्मी खूप बोलते, मम्मीनं आज दोनदा वेण्या घातल्या. सोनम तिसरीत होती, आणि मम्मी आनंदात असणं तिला चांगलंच वाटत होतं, म्हणून तिनं पप्पांना काही सांगितलं नाही. मायाक्कानं गोळ्यांचं पाकीट त्या आठवड्यात उघडलंच नाही. आड दिवस कुठला आणि घ्यायचा दिवस कुठला, याचा मेळ आता तिला लागत नव्हता.

शनिवारी सकाळी सिद्धराम कामावर गेला, सोनम शाळेला गेली, आणि मायाक्कानं बापाला फोन लावला. तिचा आवाज भरभर पळत होता.

"आप्पा, वाघूर सोडून ठेवा. मेंढरं घिऊन येतीया मी. आव्वा म्होरं हाय."

वाघूर म्हणजे मेंढरांच्या वाड्याभोवतीची जाळी. बिरप्पाकडं आता मोजून वीस-बावीस मेंढरं उरली होती आणि ती त्याच्या डोळ्यांसमोर वाड्यातच होती. त्यानं ती एकवार मोजून घेतली. मग त्यानं विचारलं, सोनी कुठं आहे. शाळेत, ती म्हणाली, शाळा सुटली की तिला घेऊनच येते. बरं, म्हणाला म्हातारा, आणि फोन बंद झाला. मायाक्काला वाटलं, आप्पा वाघूर सोडायला गेले.

शनिवारची शाळा लवकर सुटली. सोनम दारात आली तेव्हा मायाक्का समोर उभी होती, आणि तिच्या मागं, पुढं, पायांत, रस्ताभर कळप होता. आज्जाकडं चालत जायचं, असं तिनं सांगताच पोरीनं टाळी वाजवली. सात रस्त्याला पोचल्यावर कळप क्षणभर घोटाळला. मग निंगव्वानं सातातली एक वाट धरली, स्टेशनावरून पुढं मंगळवेढ्याकडं जाणारी, आणि सगळी मेंढरं पाणी वळावं तशी तिच्या मागं वळली. मायाक्कानं सोनमचा हात धरला.

वाट छान होती. सोनमनं मेंढरं कुठं आहेत विचारलं तेव्हा मायाक्कानं दाखवली. ही काळी, हिचं एक शिंग मोडलंय. ही कोकरासाठी थांबते बघ. सोनमला काही दिसत नव्हतं, पण खेळ म्हणून छान होतं, तीही वाकून हवेत हात फिरवायची आणि म्हणायची, हिची लोकर किती मऊ आहे मम्मी. दोघी हसत होत्या. शहर मागं पडलं, घरं विरळ झाली, उन्हात डांबर चमकायला लागलं. ट्रक अंगावर वारा टाकत जात होते. सोनमचे बूट चावायला लागले. तिनं ते सांगितलं. मग तिनं पाणी मागितलं. मग परत मागितलं.

मायाक्काला ते ऐकू आलं नाही असं नव्हे. तिला मागं कुठंतरी एक कोकरू ओरडताना ऐकू आलं. दमलं असेल, तिला वाटलं. कळपात असं एखादं मागं राहतंच, कुणीतरी उचलून घेतं. तिचा हात केव्हा सुटला ते तिला कळलंही नाही. पुढं निंगव्वाची पाठ होती, आणि आता अंतर इतकं कमी झालं होतं की पदराची किनार दिसत होती. थोडं भराभरा चाललं तर आई वळेल. तोंड दिसेल. बारा वर्षं न दिसलेलं तोंड. मायाक्का चालत राहिली.

मंगळवेढ्याहून येणाऱ्या एसटीत खिडकीशी बिरप्पा बसला होता. फोन ठेवल्या ठेवल्या त्यानं मेंढरं शेजाऱ्याच्या गळ्यात घातली होती आणि मिळेल ती गाडी धरली होती. लेक याच वाटेनं येणार हे त्याला ठाऊक होतं, कारण निंगव्वा शहरातून परतताना हीच वाट धरायची. त्याला आधी दिसली ती शाळेचा गणवेश घातलेली एक पोरगी, रस्त्याच्या कडेला मातीत एकटीच बसलेली, बूट काढून शेजारी ठेवलेले. मायाक्का गाडीच्या बाजूनं आधीच निघून गेली होती, पण तेव्हा मधे ट्रक आल्यानं ती त्याला दिसली नव्हती. त्यानं खिडकीतून मागं वळून पाहिलं, तर लांब एक बाई मंगळवेढ्याकडं ताडताड चालली होती. मग तो असा ओरडला की ड्रायव्हरनं ब्रेकच दाबला. हे सगळं मायाक्काला नंतर कळलं.

तिला त्या वेळी कळली ती फक्त हाळी. लांडगा आल्याचा वास लागला की धनगर पोटातून एक लांबलचक हाळी देतो, आणि ती ऐकली की अख्खा कळप, चरत असो, पळत असो, जागच्या जागी थांबतो. तशी हाळी. तिनं ती लहानपणानंतर ऐकली नव्हती. तिच्या पुढची मेंढरं थांबली. शेपट्या थांबल्या, धूळ थांबली. आणि निंगव्वाही थांबली, आणि वळली.

आईचं तोंड दिसलं. तसंच होतं, कपाळावर गोंदण, दातांतली फट. पण निंगव्वा लेकीकडं बघत नव्हती. ती लेकीच्या खांद्यावरून मागं, वाटेवर बघत होती, आणि तिच्या तोंडावर काळजी होती. आई काय बघते म्हणून मायाक्कानं मान वळवली. लांब, उन्हात, रस्त्याच्या कडेला सोनम बसली होती.

मायाक्का धावली. आयुष्यात ती तशी कधी धावली नसेल.

बाभळीखाली बिरप्पानं नातीला पाणी पाजलं, फडक्यातली भाकरी आणि शेंगाचटणी काढून दिली. सोनम भाकरी खात होती आणि एका हातानं आज्जाचं धोतर घट्ट धरून होती. मायाक्का जवळ गेली की ती थोडी आक्रसायची. ते बघून मायाक्का दोन पावलं लांब जाऊन बसली. कळप रस्त्यापलीकडं उभा होता, गप्प. म्हाताऱ्यानं घोंगडं अंथरलं. पोरीचं खाऊन झाल्यावर तिला त्यानं घोंगड्यावर निजवलं, आणि मग लेकीकडं वळला.

"गोळी घितीस न्हवं?"

"घिती की. आड दिवस."

"आड दिवस घे म्हून कुणी सांगितलं?"

"तुमीच की, आप्पा," मायाक्का म्हणाली. "दुस्काळात कळप कसा तगिवला तुमी? आड दिवस कडबा. एक बी मेंढरू गेलं न्हाय. आमच्यावर बी दुस्काळच हाय की."

बिरप्पा तिच्याकडं बघतच राहिला. ज्या गोष्टीसाठी पंचक्रोशीनं त्याला शहाणा म्हटलं होतं, ती इथं येऊन अशी बसली होती. त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं आणि डोक्यावरून हात फिरवला.

"मेंढरांचं सांगितलं मी. कुत्र्याचं सांगायचं राहिलं," तो सावकाश म्हणाला. "त्या सालात समद्यांचं निम्मं केलं. मेंढरांचं, माजं, तुज्या आव्वाचं, तुजं बी. पर कुत्र्याची भाकर कदी निम्मी केली न्हाय. आदी त्याची काडून ठिवायची, मग घरात काय उरलं त्ये बगायचं. कुत्र्याला निम्मं घातलं तर त्ये काय लगीच मरत न्हाय. त्ये निसतं झोपतं. आन लांडगा तेवड्याचीच वाट बगत असतोय. तुजी गोळी चारा न्हवं, पोरी. ती राखण हाय."

"पर लांडगा न्हवता, आप्पा," मायाक्का रडत म्हणाली. "आव्वा होती."

म्हाताऱ्यानं पागोटं परत डोक्यावर ठेवलं. त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते पुसले नाहीत.

"आसंल," तो म्हणाला. "मला न्हाय दिसली कदी. मी लई वाट बगितली. पर एक सांगतो. तुज्या आव्वानं लेकरू मागं टाकून कळप म्होरं न्हेला, आसं उभ्या जन्मात झालं न्हाय."

मायाक्कानं रस्त्यापलीकडं पाहिलं. निंगव्वा तिथंच उभी होती, आणि तिनं मान हलवल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी सिद्धराम उंबऱ्यावर बसून होता. सासऱ्याचा फोन आल्यावर तो कारखान्यातून तसाच निघाला होता, हाताला तेल होतं. मायाक्कानं त्याला सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंचं खोटं आधी, मग बाकीचं. तो संतापेल असं तिला वाटत होतं. तो संतापला, पण स्वतःवर. मला कळत होतं, म्हणाला, पैसे वाचत होते म्हणून मी कळून घेतलं नाही. मग म्हणाला, सोमवारी कमलाकरला सांगतो, माझा पगार कमी कर आणि जुनं कार्ड चालू कर. पगार कमी करा असा अर्ज घेऊन जाणारा माणूस कमलाकरनं उभ्या नोकरीत पाहिला नसेल. मायाक्का एवढ्या दुःखातही हसली. पद सोडायचं नाही, तिनं निक्षून सांगितलं. फक्त पगार झाला की आधी गोळीचे काढायचे, मग भाडं, मग बाकीचं जग.

एवढ्यानं सगळं सुरळीत झालं असं नाही. सोमवारी दोघं सरकारी दवाखान्यात गेली. तिथं औषध फुकट मिळतं हे मायाक्काला आधीही ठाऊक होतं, पण मोहोळहून आणल्यावर तिला पहिल्यांदा तिथंच नेलं होतं, नवऱ्याच्या गमजानं हात बांधून, आणि त्या फाटकाकडं बघायचीसुद्धा तिला लाज वाटत होती. या वेळी ती फाटकातून आत गेली आणि तिच्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्या रोजच्या रोज घ्यायच्या म्हणून बजावलं. दोन गोळ्या तिथं मिळाल्या. गुलाबी मिळाली नाही, ती बाहेरून घ्यावी लागते, पण तीच गोळी साध्या नावानं बरीच स्वस्त मिळते असं त्यांनी लिहून दिलं. मोटारसायकल राहिली ती राहिलीच. बिरप्पा पंधरा दिवस मुक्कामाला होता. तो रोज सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन लेकीसमोर बसायचा आणि गोळी गिळेपर्यंत हलायचा नाही. सोनम पहिले काही दिवस त्याच्याबरोबरच शाळेला जायची. मग एक दिवस ती आपणहून मायाक्कापुढं वेण्या घालायला बसली.

कळप एकदम गेला नाही. आधी वास गेला. मग मेंढरं कमी दिसायला लागली, वीस, दहा, दारापाशी दोन-चार. त्यांचे रंग विटले. सात रस्त्याचा चौक परत नुसता चौक झाला, धुराचा आणि हॉर्नचा. मायाक्का रोज गोळी घेत होती आणि रोज तिला वाटत होतं की आपण आपल्याच हातानं कुणालातरी घराबाहेर ढकलतोय.

बिरप्पा गावी परत गेला, त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. दुपार होती. मायाक्का तांदूळ निवडत बसली होती. दारात सावली पडली म्हणून तिनं वर पाहिलं. निंगव्वा उभी होती, एकटीच. फार धुतल्यावर लुगडं होतं तशी विरली होती, तिच्यातून पलीकडची भिंत दिसत होती. इतक्या दिवसांत ती कधी बोलली नव्हती. आज बोलली.

"येतीस?" तिनं विचारलं.

जावंसं वाटलं मायाक्काला. खोटं कशाला सांगा, फार वाटलं. एवढा आवाज ऐकायला तिनं किती दुपारी कान दिले होते. तिचे हात तांदळात तसेच राहिले. मग तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"न्हाय, आव्वा," ती म्हणाली. "सोनीची शाळा सुटायची येळ झाली."

निंगव्वानं तिच्याकडं नीट पाहिलं. लेकीनं एखादं काम मनासारखं केलं की ती काही न बोलता पदर सारखा करायची, तसा तिनं केला, आणि वळली. गल्लीत थोडा वेळ खुरांची सळसळ राहिली. मग एका टेम्पोनं हॉर्न दिला, आणि त्यानंतर टेम्पोच ऐकू येत राहिला.

मायाक्कानं तांदूळ झाकले, दाराला कडी घातली आणि ती शाळेकडं निघाली. ती रस्ताभर रडत होती, पदर तोंडाला न लावता, मोकळी. ती पोचली तेव्हा घंटा व्हायची होती. फाटकाशी दुसरं कुणी आलं नव्हतं.

सोनम धावत आली आणि आईचं तोंड बघून थबकली. का रडतेस, तिनं विचारलं.

"माजी आई गेली," मायाक्का म्हणाली.

आजी आपण जन्मायच्या आधीच गेली, हे सोनमला ठाऊक होतं. तिनं थोडा विचार केला.

"कधी, मम्मी?"

"आत्ताच."

सोनमनं दप्तर पाठीवर सरकवलं आणि तिचा हात धरला. मायाक्कानं तो घट्ट धरला, आणि दोघी घरी निघाल्या.